फ्रोझन डम्पलिंगचं सूप: पाकीट घेताना आधी पारी बघा

आधीच सांगून टाकतो, फ्रोझन डम्पलिंगचं (पिठाच्या पारीत सारण भरून गोठवलेल्या चायनीज पदार्थाचं) पाकीट ही कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणासाठी मला सापडलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे. वीस मिनिटांत गरम, पोटभरीचं आणि खरोखर चवदार चायनीज पद्धतीचं सूप होतं, चिरायचं म्हणजे फक्त पातीचा कांदा आणि थोडं आलं, आणि फ्रीजरमधलं म्हणजे बेचवच असणार असं ज्यांना वाटतं त्यांना तर मी मुद्दाम करून बघायला सांगेन. पण यातली दोन पाकिटं अगदी सारखी दिसतात आणि भांड्यात गेली की एकदम वेगळी वागतात, त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाहीये, फ्रीजरच्या कपाटात जे प्रकार दिसतात त्यातला कुठला घ्यावा, कुठल्या सूपसाठी घ्यावा आणि घरी आणल्यावर त्याचं काय करावं याचा आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पारी. लोक पाकीट उचलताना चिकन आहे का, कोळंबी आहे का, मश्रूम आहे का एवढंच बघतात, आणि सूपचा अर्धा निकाल तिथेच चुकतो, कारण सूपमध्ये जिभेला आधी लागते ती पारी. वाँटनची पारी चौकोनी कापलेली आणि पातळ असते, शिजली की जवळजवळ पारदर्शक होते, कडेचा मोकळा भाग सूपमध्ये पदरासारखा तरंगतो आणि त्या चुण्यांमध्ये सूप अडकून राहतं. कँटोनीज पद्धतीच्या वाँटनमध्ये पिठात अंडं किंवा क्षार घातलेला असतो, म्हणून ती पिवळसर दिसते आणि गरम पाण्यात पटकन गळत नाही. जियाओझीची गोष्ट वेगळी. ती गोल पारीची, अर्धचंद्रासारखी मिटलेली, नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी, मधे जाडसर, चावून खायला मजा येईल अशी. ती मुळात उकडून किंवा तव्यावर परतून व्हिनेगरमध्ये बुडवून खायची चीज आहे. ही जाड पारी हलक्या, स्वच्छ सूपमध्ये टाकली की सूप एकीकडे आणि पीठ एकीकडे असं लागतं, मग माणूस म्हणतो पाकीटच बेकार निघालं. पाकीट बेकार नसतं, जोडी चुकलेली असते. पातळ पारी असेल तर स्वच्छ सूप, जाड पारी असेल तर आंबट-तिखट सूप, एवढं डोक्यात ठेवलं तरी काम झालं.

आता दुकानात उभं राहून काय बघायचं. पहिलं म्हणजे पाकीट हातात घेऊन हलकेच हलवा. आतले डम्पलिंग एकेक सुटे खळखळले पाहिजेत. सगळ्यांचा मिळून एक गठ्ठा झाला असेल तर ते मधे कुठेतरी वितळून परत गोठलंय, ते ठेवून द्या, कितीही ऑफर असली तरी. दुसरं, पाकिटाला पारदर्शक खिडकी असेल तर आत बर्फाचा भुगा किती साचलाय ते बघा. तो भुगा म्हणजे डम्पलिंगमधलंच पाणी बाहेर आलेलं असतं, आणि पाणी गेलेली पारी कोरडी पडून तिला बारीक चिरा जातात, अशी पारी उकळत्या पाण्यात नक्की फुटते आणि सारण पाण्यात पसरतं. तिसरं, मागचं लेबल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पुढे मोठ्ठ्या अक्षरात कोळंबी आणि मागच्या यादीत कोबी, सोया प्रोटीन, तेल, साखर आणि त्यानंतर कुठेतरी कोळंबी असं असेल तर काय ते समजून घ्या. आणि चौथं, सारण कच्चं आहे की आधीच शिजवलेलं, हे तर वाचलंच पाहिजे, कारण शिजवायचा वेळ त्यावर ठरतो. कच्च्या चिकनचं असेल तर आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान पोचायला हवं, घरी थर्मामीटर नसेल तर एक डम्पलिंग मधोमध कापून बघायचं, गुलाबी काही दिसता कामा नये आणि आतून वाफ यायला पाहिजे.

गोठवण्याचा प्रकार इतका महत्त्वाचा का आहे याची एक भारी गोष्ट आहे. चीनमधल्या झेंगझौ शहरात चेन झमिन नावाचे सर्जन होते, हॉस्पिटलमध्ये मोठ्या पदावर, त्यांना खायला करायची आवड. चिकट तांदळाच्या पिठाचे गोड सारणाचे गोळे असतात ना, तांगयुआन, ते गोठवून ठेवता येतील का याच्या मागे ते लागले. अडचण अशी की हळूहळू गोठलं की आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पोत बिघडतो. तर त्यांनी हॉस्पिटलमधले सुटे भाग वापरून दोन टप्प्यांत भराभर गार करणारा फ्रीजर बनवला, एकेक गोळा वेगळा आणि इतका पटकन गोठवायचा की मोठे स्फटिक व्हायला वेळच मिळू नये. १९९२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि सानच्युआन ही कंपनी उभी केली, जी पुढे चीनमधल्या सगळ्यात मोठ्या फ्रोझन डम्पलिंग कंपन्यांपैकी एक झाली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आपण जे पाकीट सहज कापून पाण्यात ओततो त्यामागे कुणीतरी एवढा विचार केलाय, आणि पाकीट वितळून परत गोठलं की ती सगळी मेहनत वाया जाते हेही त्यातून कळतं. म्हणूनच घरी आणल्यावर शिजवण्याआधी डम्पलिंग बाहेर काढून ठेवू नका. फ्रीजरमधून थेट उकळत्या पाण्यात. वितळायला ठेवले की पारी ओली होऊन एकमेकांना चिकटते आणि सोडवताना फाटते.

बऱ्याच वाँटनच्या पाकिटात सूपचं छोटं सॅशे येतं. त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ते अर्धं वापरा किंवा अजिबात वापरू नका. त्यात मीठ, साखर, एमएसजी (चव वाढवणारं मोनोसोडियम ग्लुटामेट) आणि थोडी पावडर असते. एमएसजीला माझा काही विरोध नाही, १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेटची ती भरदार चव वेगळी ओळखली आणि टोमॅटोत, मश्रूममध्ये, सोया सॉसमध्येही तीच असते. तक्रार मिठाची आहे. सॅशे पूर्ण घातलं आणि वर सवयीने सोया सॉस टाकला की सूप नुसतं खारट होतं आणि सारणाची चव कळतच नाही. ज्या कंपन्या सॅशेत वेगळी छोटीशी तिळाच्या तेलाची पुडी देतात त्या मला आवडतात, ती पुडी बाजूला काढून ठेवावी, ती कामाची आहे.

शिजवण्याबद्दल आता नीट सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. एकच भांडं धुवायला लागावं म्हणून लोक डम्पलिंग सरळ सूपमध्येच उकळतात. नका करू प्लीज. पारीवरचं कोरडं पीठ आणि स्टार्च सगळं सूपमध्ये उतरतं, सूप गढूळ आणि चिकट होतं, आणि एखादं फुटलं तर सगळं सारण सूपभर. डम्पलिंग वेगळ्या साध्या पाण्यात उकडा आणि सूप वाडग्यातच तयार करा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, वीसेक डम्पलिंगला दोन लिटर तरी, खळखळून उकळी आली की एकेक करून सोडा आणि पहिलं अर्धं मिनिट डावाच्या पाठीने तळाशी हळूच हलवत राहा म्हणजे बुडाला चिकटणार नाहीत. पातळ वाँटन असतील तर परत उकळी आल्यावर तीन ते चार मिनिटांत होतात. ते वर तरंगायला लागले म्हणजे झाले असं समजू नका, आतली हवा आणि वाफ फुगली की ते वर येतात, कच्च्या सारणाला त्यानंतर अजून एक-दोन मिनिटं द्यायची.

जाड पारीच्या जियाओझीला उत्तर चीनमध्ये घरोघरी एक युक्ती वापरतात आणि ती फ्रोझनला तर अगदी फिट बसते. उकळी आली की एक कप गार पाणी ओतायचं, परत उकळी, परत गार पाणी, असं तीनदा. पाणी सारखं धडाधड उकळत राहिलं की बाहेरची पारी फाटते आणि आतलं सारण अजून गारच असतं, गार पाण्याने उकळी शांत होते आणि आत-बाहेर बरोबर शिजतं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागतात. आणि शेवटच्या मिनिटाला त्याच पाण्यात पालक किंवा बोकचॉयची पानं टाकायची, रंग गडद हिरवा झाला की डम्पलिंगबरोबरच झाऱ्याने उचलायची, भाजीसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

डम्पलिंग उकळतायत तोवर वाडगा तयार करायचा, आणि मला या सगळ्या प्रकारात हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. शांघायकडच्या छोट्या वाँटनचं सूप असंच करतात, सगळी चव आधी वाडग्याच्या तळाशी घालून ठेवायची आणि वरून कडकडीत गरम पाणी किंवा स्टॉक (चिकन किंवा मश्रूमचा अर्क उतरलेलं पाणी) ओतायचा. एका माणसाच्या वाडग्यात एक मोठा चमचा लाइट सोया सॉस, पाव छोटा चमचा पांढऱ्या मिरीची पूड, चिमूटभर साखर, बारीक चिरलेला पातीचा कांदा, किसलेलं किंवा अगदी बारीक कापलेलं आलं, आणि असेल तर वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा एक तुकडा हाताने फाडून. ज्यांना चालतं ते सुकवलेली बारीक कोळंबीही घालतात, तिने चवीला एकदम खोली येते. यावर साधारण साडेतीनशे मिली गरम स्टॉक ओतला की मिठाचं प्रमाण बरोबर बसतं. स्टॉकमध्ये आधीच मीठ असेल तर सोया सॉस एक छोटा चमचाच. सोया सॉस लाइटच घ्या, डार्क सोया रंगासाठी असतो, गोडसर आणि दाट, तो चमचाभर घातला की सूप काळं दिसतं आणि पाहिजे ती खारट चव येत नाही. भाजलेल्या तिळाचं तेल मात्र सगळ्यात शेवटी, डम्पलिंग वाडग्यात गेल्यावर अर्धा छोटा चमचा वरून. त्याचा वास उडून जाणारा असतो, आधी घालून उकळलं तर फक्त तेलकटपणा उरतो.

पांढरी मिरी नाही म्हणून काळी घालू का असं विचारतात, चालते, पण मग ते सूप वेगळ्याच वळणावर जातं. पांढऱ्या मिरीचा जो जरा मातकट, घशाशी उबदार लागणारा वास असतो तो या सूपची ओळख आहे, छोटीशी बाटली आणून ठेवा, भरपूर दिवस पुरते.

स्टॉकचे पर्याय मी बरेच वापरून झालेत. घरी केलेला चिकन स्टॉक बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला असेल तर त्याच्यापुढे कशाचाच नंबर लागत नाही. डब्यातला कमी मिठाचा तयार स्टॉक ठीक, त्यात आल्याचे दोन काप आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग टाकून पाच मिनिटं उकळला तर डब्याचा वास जातो. तयार स्टॉक क्यूब म्हणाल तर अर्धा क्यूब आणि सोया सॉस अगदी कमी, नाहीतर परत तीच खारटपणाची रड. पण माझी पहिली पसंती वाळवलेल्या शिताके मश्रूमला, आणि हा शाकाहारी लोकांसाठी तर सोन्यासारखा पर्याय आहे. सकाळी कामाला जाताना चार-पाच मश्रूम गार पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवून द्यायचे, रात्री ते तपकिरी पाणी गाळून उकळायचं, झाला स्टॉक, मश्रूम कापून त्यातच. सकाळी विसरलं तर गरम पाण्यात अर्धा तासही चालतो, फक्त चव थोडी कमी उतरते. शिताकेमधलं ग्वानिलेट आणि सोया सॉसमधलं ग्लुटामेट हे दोन चव देणारे घटक एकत्र आले की दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त चव लागते, त्यामुळे मांसाचा तुकडा नसतानाही सूप भरदार लागतं. आणि अगदीच दमून आलात, काहीच नाहीये, तर किटलीतलं उकळतं पाणी थेट वाडग्यात ओता, मी खरंच सांगतो, तळाशी सगळं नीट घातलं असेल तर नुसत्या पाण्यानेसुद्धा छान सूप होतं आणि दुसरं पातेलंही वाचतं.

जाड पारीवाल्यांसाठी आंबट सूप. शीआन शहरात आंबट सूपमधली जियाओझी खूप खाल्ली जाते आणि हे खाल्ल्यावर कळतं की जाड पारी कशासाठी असते. वाडग्यात काळं व्हिनेगर दोन मोठे चमचे, सोया सॉस एक, भाजलेले तीळ, किसलेला लसूण थोडा, कोथिंबीर, पातीचा कांदा, आणि वर चमचाभर मिरचीचं तेल, मग गरम स्टॉक. आंबट आणि तिखट दोन्ही जोरदार असल्यामुळे ती पिठाची जाडी खटकत नाही, उलट आधार देते. व्हिनेगर झेनज्यांगचं काळं मिळालं तर बघा, ते चिकट तांदळापासून करतात, मुरलेलं असतं आणि पांढऱ्या व्हिनेगरसारखं नाकात जात नाही. पांढरं व्हिनेगर वापरायची वेळ आली तर प्रमाण निम्मं करा आणि साखरेची चिमूट वाढवा. मिरचीच्या तेलात लाओ गान मा मला मनापासून आवडतं, ग्वीझौ प्रांतातल्या ताओ ह्वाबी यांनी सुरू केलेला तो ब्रँड, लाल झाकणाची बाटली, आत कुरकुरीत मिरची आणि सोयाबीन. ते स्वच्छ सूपमध्ये घालू नका पण, सगळं दाबून टाकतं.

सारणाबद्दल थोडक्यात. फ्रोझनमध्ये मला चिकन-कोबी आणि मश्रूम-टोफू-ग्लास नूडल्स (पारदर्शक शेवया) हे दोन प्रकार सगळ्यात विश्वासाचे वाटतात, कोबीमुळे सारण ओलसर राहतं आणि शेवया रस धरून ठेवतात. कोळंबीच्या बाबतीत कंपनीप्रमाणे खूप फरक पडतो, अख्खी कोळंबी असेल तर छान कुरकुरीत चावा लागतो आणि वाटलेली असेल तर रबरासारखं. नुसत्या कॉर्नचं गोड सारण सूपमध्ये घेऊ नका, ते तव्यावर परतूनच बरं लागतं.

आता कमी काय पडतं ते. मीठ ही खरी काळजी आहे. एक मोठा चमचा सोया सॉसमध्येच साधारण ९०० मिलीग्रॅम सोडियम असतं, सारणात आणखी असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलीग्रॅमच्या आत राहायला सांगते. त्यामुळे हे रोजचं जेवण करू नये, आठवड्यातून एखाद-दोनदा ठीक, आणि ज्यांना ब्लड प्रेशर आहे त्यांनी सोया सॉस अर्धा करून आंबटपणा, आलं आणि मिरी वाढवावी, आणि तळाचं सूप वाडग्यात राहू द्यावं. दुसरी गोष्ट, नुसत्या पाकिटाच्या भरवशावर राहिलं तर भाजी फार कमी जाते पोटात, म्हणून ती मूठभर पालेभाजी सोडू नका. आणि पाकिटावर तीन माणसांसाठी लिहिलेलं असतं ते भुकेल्या माणसांसाठी नसतं, एका मोठ्या माणसाला आठ-दहा वाँटन तरी लागतात, जास्त भूक असेल तर त्याच पाण्यात थोड्या अंड्याच्या नूडल्स उकडून वाडग्यात घाला, हाँगकाँगला वाँटन नूडल्स तर जगप्रसिद्धच आहेत.

वेळ असेल तेव्हा घरी भरलेले वाँटन अर्थातच जास्त चांगले, तयार पाऱ्या आणून रविवारी चाळीस-पन्नास भरून ताटात सुटे गोठवायचे आणि घट्ट झाले की पिशवीत भरायचे. पण घरचा फ्रीजर हळू गोठवतो, म्हणून ते महिनाभरात संपवावेत.

माझ्याकडून पातळ पारीच्या वाँटनला पाचपैकी साडेचार, जाड जियाओझीला आंबट सूपसाठी चार आणि स्वच्छ सूपसाठी दोन, सॅशेला एक. दोनच पाकिटं घ्यायची असतील तर एक वाँटन आणि एक जियाओझी घ्या, दोन्ही फ्रीजरच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको, तिथे उघडझाप होऊन तापमान सारखं वरखाली होतं. आणि उघडलेल्या पाकिटातली हवा दाबून काढून तोंडाला घट्ट रबर लावा.